दृष्टांत आणि जाग : तुकाराम व बहिणाबाई यांच्या स्वप्नकथनांचे एक वाचन

प्रास्ताविक

'दृष्टांत' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. साहित्यशास्त्रात व तत्त्वचर्चेत दृष्टांत म्हणजे उदाहरण. महानुभाव पंथातील केसोबासांचा 'दृष्टांतपाठ' हा ग्रंथ याच अर्थाने आपल्या परिचयाचा आहे. लोकव्यवहारात मात्र दृष्टांत म्हणजे देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन दिलेली आज्ञा. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेला येणारा भाविक 'देवाने दृष्टांत दिला' असे म्हणतो, तेव्हा त्याला हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. पहिल्या अर्थात स्वप्न हे जगाच्या मिथ्यापणाचे उदाहरण ठरते, तर दुसऱ्या अर्थात तेच स्वप्न जागेपणीच्या आयुष्याला बांधून घेणारे प्रमाण ठरते. एकाच भाषेने आणि पुष्कळदा एकाच कवीने हे दोन्ही अर्थ वापरले आहेत.

दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत स्वप्नाविषयी एक नवीच भाषा आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे ओळखावे, त्याला हवे तसे वळण द्यावे, त्यासाठी अमुक तंत्रे वापरावीत, अशी माहिती आज मोबाइलवर सहज मिळते. या अनुभवाला ल्युसिड ड्रीम असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'सजग स्वप्न' ही संज्ञा वापरली आहे. तुकाराम व बहिणाबाई यांची स्वप्नकथने या नव्या माहितीच्या प्रकाशात वाचली तर काय दिसते, याचा विचार येथे करावयाचा आहे. संतांना आधुनिक विज्ञान आधीच ठाऊक होते, असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. तसेच संतांचे अनुभव म्हणजे मेंदूचे खेळ होत, असे म्हणण्याचाही नाही. स्वप्नाची सत्यता कशावर ठरवावी, हा खरा प्रश्न आहे.

सजग स्वप्न : संज्ञा व तंत्रे

फ्रान्समधील अभ्यासक एर्व्हे द सेंट-डेनिस यांनी १८६७ साली स्वप्नांचे नियमन करण्याच्या उपायांवर ग्रंथ लिहिला. १९१३ साली डच मानसोपचारतज्ज्ञ व लेखक फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी 'ल्युसिड ड्रीम' ही संज्ञा रूढ केली. परंतु झोपलेला मनुष्य स्वप्नात सजग होता, याला त्याच्या स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोपेतील अवस्था नोंदवली. हीच 'रेम' निद्रा होय आणि ठळक स्वप्ने मुख्यतः या अवस्थेत पडतात. या वेळी शरीराचे बहुतेक ऐच्छिक स्नायू शिथिल झालेले असतात, डोळे मात्र हलू शकतात. या गोष्टीचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या स्वप्नद्रष्ट्याकडून झोपेतच डोळ्यांच्या ठरवून दिलेल्या हालचालींची खूण मिळवली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे असेच प्रयोग केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चार देशांतील प्रयोगशाळांनी स्वप्नात असलेल्या व्यक्तींना प्रश्न विचारले आणि त्यांतील काहींनी साध्या बेरीज-वजाबाकीची उत्तरेही दिली. त्यामुळे सजग स्वप्न ही कल्पना राहिलेली नसून प्रयोगाने सिद्ध झालेली अवस्था आहे.

ही अवस्था साधण्याची प्रमुख तंत्रे तीन सांगितली जातात. पहिले म्हणजे दिवसा वारंवार 'मी जागा आहे की स्वप्नात?' असे तपासून पाहणे. नाक बंद करून श्वास घेता येतो का, एकच मजकूर दोनदा वाचल्यावर तोच राहतो का, अशा या चाचण्या असतात. दिवसाची सवय रात्री स्वप्नात उतरते, हे त्यामागील तत्त्व आहे. दुसरे तंत्र लाबर्ज यांचे असून ते स्मरणावर आधारलेले आहे. पहाटे स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न आठवावे, 'पुन्हा स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल' असा संकल्प करावा आणि तो मनात घोळवत झोपी जावे. तिसरे तंत्र म्हणजे पाच-सहा तासांच्या झोपेनंतर उठून थोडा वेळ जागे राहणे व पुन्हा झोपणे. या तंत्राने झोपेचे तुकडे पडतात. म्हणून ज्यांची झोप मुळातच बिघडलेली आहे, त्यांनी त्याच्या नादी न लागणे बरे.

याच संदर्भात आणखी एका अनुभवाचा उल्लेख आवश्यक आहे. जाग आलेली असते, परंतु अंग हलवता येत नाही, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते, खोलीत कोणाची तरी चाहूल लागते. आपल्याकडे हा अनुभव भुताखेतांच्या खात्यावर जमा केला जातो. वस्तुतः रेम निद्रेतील स्नायूंची शिथिलता जाग आल्यानंतरही काही क्षण टिकून राहते, म्हणून असे घडते. काही क्षणांत किंवा फार तर थोड्या मिनिटांत ते आपोआप ओसरते. हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मांत्रिकाचा नव्हे.

या तंत्रांचा गाभा आठवण हा आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. साध्या स्वप्नात आपण आपला जागेपणीचा संकल्प विसरतो. सजग स्वप्नात तो आठवतो. पुढील विवेचनात 'आठवण' व 'विसर' हे दोन शब्द महत्त्वाचे ठरणार आहेत.

स्वप्नाचा दृष्टांत

भारतीय विचारपरंपरेला स्वप्न हा विषय नवा नाही. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती व त्यांपलीकडील चतुर्थ अवस्था असा विचार मांडला. पतंजलीने स्वप्न व निद्रा यांतील ज्ञान हे चित्त स्थिर करण्याचे एक आलंबन होऊ शकते, असे सूचित केले. तिबेटी बौद्ध परंपरेत तर स्वप्नयोगाची स्वतंत्र साधना आहे आणि तीत स्वप्नाला स्वप्न म्हणून ओळखणे ही पहिली पायरी मानली जाते.

मराठीत अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून ज्ञानेश्वरांपर्यंत अद्वैताची मांडणी करणाऱ्या कवींना स्वप्नाचे उदाहरण सतत हाताशी लागते. स्वप्नातील राज्य जाग आल्यावर उरत नाही, तसा प्रपंच ज्ञान झाल्यावर उरत नाही, हा त्याचा आशय आहे. येथे स्वप्नात काय दिसले याला किंमत नाही. किंमत आहे ती जागे होण्याला. आधुनिक सजग स्वप्नाशी या भूमिकेचे एक साम्य आहे, कारण दोन्हींत 'हे स्वप्न आहे' हे ओळखणे मध्यवर्ती आहे. फरक असा की, सजग स्वप्न पाहणारा ओळख पटल्यावर स्वप्नातच रमू इच्छितो, तर वेदान्ती तेथून बाहेर पडू इच्छितो.

वारकरी कवींनी हे उदाहरण स्वीकारले. परंतु नामस्मरण जागृतीत तसेच स्वप्नातही चालू राहावे, ही त्यांची आकांक्षा निराळी आहे. दिवसभर ओठांवर असलेले नाम रात्री झोपेतही उमटावे, ही अपेक्षा आणि दिवसाची सवय स्वप्नात उतरते हे वर सांगितलेले तत्त्व, यांचा मार्ग एकच आहे. मात्र या सवयीतून साधावयाचे काय, याबाबत दोन वाटा वेगळ्या होतात. तुकारामांच्या स्वप्नकथनांत हा वेगळेपणा स्पष्ट दिसतो.

तुकारामांची दोन स्वप्ने

तुकारामांच्या गाथेत दोन स्वप्नांचे सविस्तर कथन आहे. पहिले गुरूपदेशाचे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार हा दिवस. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, राघवचैतन्य व केशवचैतन्य अशी परंपरेची खूण सांगतात, स्वतःचे नाव बाबाजी असे सांगतात आणि 'राम कृष्ण हरि' हा मंत्र देतात. उपदेशाचा हा सर्व तपशील परंपरेला साजेसा आहे. त्यात एक गोष्ट मात्र कोणत्याही चरित्रकाराने सहसा कल्पिली नसती. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि ते देण्याचा शिष्याला स्वप्नात विसर पडला. आपल्याकडून काही अंतराय घडला असावा, म्हणूनच गुरू त्वरेने निघून गेले, अशी रुखरुख तुकाराम नंतर व्यक्त करतात. कृपा झाली, पण सेवा घडली नाही, हा या कथनाचा सूर आहे.

दुसरे स्वप्न कवित्वाचे आहे. नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात, तुकारामांना स्वप्नातच जागे करतात आणि कवित्वाचे काम सांगतात. विठ्ठल माप धरून उभा आहे. तो थापटून सावध करतो. नामदेवांनी संकल्पिलेल्या शतकोटी संख्येपैकी जे उरले ते तुकारामांनी पुरे करावयाचे आहे.

ही दोन्ही स्वप्ने शेजारी ठेवून वाचली असता तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, दोन्ही स्वप्नांत मापे आहेत. एकात पावशेर तूप, दुसऱ्यात धान्य मोजावे तसे माप व शतकोटीची मोजदाद. तुकारामांचे घराणे महाजनकीचे व वाणव्यवसायाचे होते. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. स्वप्नाने आपली सामग्री दुकानातून उचलली आहे. दिवसाचे आयुष्य स्वप्नात उतरते ते असे. ही सामग्री कोणी शोभेसाठी रचलेली वाटत नाही.

दुसरी गोष्ट, दोन्ही स्वप्ने अपुरी आहेत. पहिल्यात तूप द्यावयाचे राहिले, दुसऱ्यात संख्या पुरी करावयाची राहिली. दोन्ही स्वप्ने संपतात तेव्हा तुकारामांकडे काहीतरी देणे निघते. ज्याने वडिलोपार्जित कर्जखते इंद्रायणीत बुडवून ऋणको मोकळे केले, अशी परंपरा सांगते, त्याच माणसाच्या खात्यावर ही दोन देणी चढली. पुढील सर्व अभंगरचना हे देणे फेडण्याचा प्रयत्न आहे, असे वाचणे त्यामुळे शक्य होते.

तिसरी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पहिल्या स्वप्नात विसर आहे, दुसऱ्यात जाग आहे. आधुनिक अर्थाने पहिले स्वप्न सजग नव्हते. सजग स्वप्न पाहणाऱ्याने तुपाची मागणी लक्षात ठेवली असती, कदाचित गुरूंना जाऊच दिले नसते. दुसऱ्या स्वप्नात 'स्वप्नातच जागे केले' ही स्पष्ट नोंद आहे. परंतु ही जाग 'हे स्वप्न आहे' अशी ओळख नव्हे. ती 'हे माझे काम आहे' अशी ओळख आहे. तेथे जागा झालेला तुकाराम स्वप्नावर सत्ता चालवीत नाही. उलट स्वप्न त्याच्या जागेपणीच्या आयुष्यावर सत्ता चालवू लागते. आधुनिक तंत्रांत आणि या परंपरेत नेमके अंतर येथे आहे.

या संदर्भात आणखी एक निरीक्षण करता येईल. आत्मचरित्रपर दीर्घ अभंगात तुकाराम दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, देवळाचा जीर्णोद्धार, कीर्तन यांची नोंद करतात, त्याच सपाट स्वरात स्वप्नातील गुरूपदेशाचीही नोंद करतात. त्यापाठोपाठ कवित्वाची स्फूर्ती येते व मग वह्या बुडवाव्या लागल्याची हकिकत येते. नवससायास आणि अंगात येणे यांच्यावर कठोर टीका करणाऱ्या कवीने स्वप्नाला मात्र असे साधे, निश्चित स्थान दिले आहे. त्याचे कारण बहुधा असे की, नवस फळ मागतो, या स्वप्नांनी मात्र श्रम मागितले.

बहिणाबाईंचे स्वप्न

बहिणाबाईंच्या स्वप्नकथनाने हा विचार अधिक धारदार होतो. त्या मराठवाड्याच्या कन्या. वेरूळजवळचे देवगाव हे त्यांचे जन्मगाव, शिऊर हे सासर व समाधीचेही स्थान. ही दोन्ही गावे आजच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात येतात. १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. अगदी लहान वयात त्यांचा विवाह वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाला. भाऊबंदकीच्या तंट्यामुळे कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि भटकत ते कोल्हापूरला आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनातून त्यांच्या कानी तुकारामांचे अभंग पडले. कीर्तनाला जाते, लोकांत चर्चा होते, म्हणून पतीने मारहाण केली. जिवापाड लळा लागलेले वासरू मेले आणि बहिणाबाई भान हरपून पडल्या. या अवस्थेनंतर तुकारामांच्या ध्यासात असताना कार्तिक वद्य पंचमी, रविवारी त्यांना स्वप्न पडले. तुकारामांनी मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला व हाती एक पुस्तक दिले. तोपर्यंत त्यांनी तुकारामांना पाहिलेलेही नव्हते.

या स्वप्नाचा विचार करताना अधिकाराचा प्रश्न टाळता येत नाही. ब्राह्मण घरातील विवाहित स्त्रीने पतीच्या अनुज्ञेवाचून शूद्र गुरूचा उपदेश घेणे त्या काळच्या जागेपणी अशक्य होते. तिला कीर्तनाला जाण्याबद्दल मार बसत होता, तेथे देहूपर्यंत जाण्याची गोष्टच दूर. दार, वाट आणि वेळ या तिन्हींवर इतरांचा ताबा होता. झोपेवर मात्र कोणाला पहारा बसवता आला नाही. जो उपदेश जागेपणी मिळू शकत नव्हता तो स्वप्नात मिळाला आणि त्यासोबत एका स्त्रीच्या हाती पुस्तकही आले.

पुढील हकिकत या स्वप्नाचे मोल ठरवते. पतीचा संताप झाला, तो घर सोडून जाण्यास निघाला, आजारी पडला आणि अखेर कुटुंब देहूला आले. तेथे मंबाजीचा छळ वाट्याला आला. या सर्वांतून बहिणाबाईंनी पतिधर्म व गुरुभक्ती यांतील ताण आपल्या अभंगांत उघडपणे मांडला. स्वप्नात मिळालेले पुस्तक जाग आल्यावर हाती नव्हते, पण त्या बाईंनी स्वतःचे आत्मनिवेदन रचले. मराठीतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

तुकारामांच्या स्वप्नांशी याचे नाते स्पष्ट आहे. बाबाजींनी तुकारामांना स्वप्नात उपदेश केला, तुकारामांनी बहिणाबाईंना. वेदाचा अधिकार नाकारलेला कवी आणि कीर्तनाचाही अधिकार नाकारलेली स्त्री, अशा दोघांची ही परंपरा आहे. त्यांच्या अधिकाराचा उगम अशा जागी आहे जेथे परवानगी मागावी लागत नव्हती.

तीन वाचनांच्या मर्यादा

या कथनांचे आजवर साधारणतः तीन प्रकारे वाचन होत आले आहे. पहिले श्रद्धाळू वाचन स्वप्नाला चमत्कार मानते. त्यामुळे पावशेर तुपाचा विसर हा अडचणीचा तपशील होतो, कारण चमत्कारात विसर बसत नाही. दुसरे वाचन मानसशास्त्रीय म्हणवते. दुःख, उपासमार, ध्यास यांतून असे स्वप्न पडणारच, असे ते सांगते. हे खरे असू शकते. परंतु असे स्वप्न का पडले हे कळल्याने त्याचे पुढे काय केले गेले हे कळत नाही. दुष्काळाने होरपळलेल्या हजारोंना स्वप्ने पडली असतील, गाथा एकाने लिहिली. तिसरे वाचन स्वप्नाला केवळ वाङ्मयीन संकेत समजते. चरित्रग्रंथांतून स्वप्नसाक्षात्कारांची रेलचेल पाहता या मताला आधार आहे. तथापि संकेत नेटका असतो. तुपाचा विसर, वासराचा मृत्यू यांसारखे ओबडधोबड तपशील संकेतात सहसा टिकत नाहीत.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. आपल्यापुढे स्वप्न नाही, स्वप्नाचे कथन आहे आणि ते जागेपणी, छंदात केलेले आहे. प्रयोगशाळेतील नोंदीशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही. परंतु म्हणूनच समीक्षेने त्याकडे लक्ष द्यावयास हवे. स्वप्न कसे सांगितले, त्यातले काय राखले आणि त्यापुढे कोणते आयुष्य उभे केले, हा समीक्षेचाच प्रांत आहे.

समारोप

सजग स्वप्नाची तंत्रे स्वप्नातील माणसाला अधिक मोकळे करतात. भयस्वप्नांनी त्रस्त झालेल्या काहींना त्यांचा उपयोग होऊ शकतो आणि झोपेतील विचित्र अनुभवांमागची भीती दूर करण्यास निद्राविज्ञान निश्चितच समर्थ आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी हे ज्ञान विद्यार्थ्यांपर्यंत नेणे आवश्यक आहे. 'दृष्टांत झाला' असे सांगून पैसा, जमीन व स्त्रियांची अब्रू लुबाडणारे भोंदू अजून सर्वत्र आहेत. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे.

अशा भोंदूंच्या दृष्टांताला आणि तुकाराम-बहिणाबाईंच्या स्वप्नाला एकाच तराजूत घालण्याची चूक मात्र होऊ नये. दोहोंतील फरक ओळखण्याची कसोटी या दोन कवींनीच पुरवली आहे. ज्या स्वप्नाचा द्रष्टा जाग आल्यावर इतरांकडे काही मागू लागतो, ते स्वप्न संशयास्पद समजावे. तुकारामांच्या स्वप्नाने दुसऱ्या कोणाकडे तूप मागितले नाही. ते देणे तुकारामांच्याच नावावर राहिले. बहिणाबाईंच्या स्वप्नाने कोणावर सत्ता मिळवली नाही. त्याने त्यांच्याच वाट्याला देहूची वाट, छळ आणि लेखन आणले. स्वप्नात काय दिसले याची शहानिशा कोणालाच करता येत नाही. जाग आल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र पाहता येते. मराठी वाचकाने दृष्टांत या शब्दाचा अर्थ लावताना ही कसोटी हाताशी ठेवावी.